सदा, तुझी जीभ शाबूत होती

सदा, आधी मुद्द्याचं बोलतो, कारण पाल्हाळ लावला की मी मुद्द्याला बगल देतो हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तुझी जीभ गेली नव्हती. त्या वर्षीचा माल बिघडलेला होता. तो माझ्यामुळे बिघडला, आणि तू तोंडावर विचारलंस तेव्हा मी तोंडावर खोटं बोललो. बस, एवढंच आहे. एवढं बोलायला मला सात वर्षं मिळाली होती. आता तू जाऊन दीड महिना झाला आणि मी इथे बहरीनमध्ये, सलमाबादच्या आपल्या त्याच खोलीत बसून कागदावर बोलतोय. तुझ्या कॉटवर आता केरळचा एक ड्रायव्हर झोपतो. तो ड्यूटीवर गेला की मी लिहायला बसतो. चार वेळा बसलो आणि चारही वेळा फाडून टाकलं.

तू असतास तर म्हणाला असतास, "इब्रामा, रडगाणां पुरे, काय तां सांग." सांगतो रे. पण मला ते सुरुवातीपासूनच सांगावं लागेल. एकदम सांगण्याचं धाडस माझ्यात असतं तर हे लिहावंच लागलं नसतं.

तू मनामातल्या हॉटेलात वेटर होतास आणि मी हॉटेलांना दारू आणि डबाबंद माल पुरवणाऱ्या कंपनीचा स्टोअरकीपर. रत्नागिरी जिल्ह्यातला पाच वक्तांचा नमाजी मुसलमान आणि दारूच्या गोदामाच्या चाव्या कमरेला, यावर तू पहिल्या दिवसापासून माझी टर उडवलीस. हॉटेलच्या गाडीबरोबर माल न्यायला आला होतास. आमच्या कूलरचं पाणी प्यायलास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालास, "ह्यां पाणी कालच्या टँकरचां नाय." मी हसलो. मग वॉचमन खानला विचारलं, तर खरंच टँकरवाला बदलला होता. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आलास आणि मी मुद्दाम दोन ग्लास पुढे ठेवले. तू बरोबर ओळखलंस. तिसऱ्या दिवशी मॅनेजर बघायला उभा होता. सहा महिन्यांत कंपनीने तुझा व्हिसा आपल्याकडे करून घेतला आणि तू माझ्या खोलीत राहायला आलास. देवगडकडचा तू, राजापूरच्या खाडीकाठचा मी. गावाकडे असतो तर एकमेकांचं नावही ऐकलं नसतं. इथे एका स्टोव्हवर दोघांचं शिजायला लागलं.

काम तुझं मजेशीर होतं. जहाजातून नवीन माल आला की प्रत्येक लॉटमधली एक बाटली फोडायची, तोंडात घोळवायची, बादलीत थुंकायची आणि सांगायचं, माल बरा की नाही. मग हॉटेलाहॉटेलांत जाऊन वेटरांना शिकवायचं. जनाबियाच्या कंपाउंडमधले गोरे पार्टी असली की तुला मुद्दाम बोलावून घ्यायचे. मॅट्रिक नापास माणूस, पण ते लोक बाटली हातात घेऊन तुझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मला आतून केवढा अभिमान वाटायचा, तुला कधी बोलून दाखवलं नाही. उलट म्हणायचो, "थुंकण्याचा पगार घेणारा अख्ख्या बहरीनमध्ये तू एकटाच."

आणि मग ते घराणं. त्या फ्रेंच शॅम्पेनला तू कधी कंपनी म्हटलं नाहीस, ब्रँड म्हटलं नाहीस. घराणं. त्यांचा म्हातारा दर हिवाळ्यात यायचा. तपकिरी कोट, कानात केस, इंग्रजी आपल्यापेक्षा वाईट. त्याने एक पुस्तिका दिली होती, आणि तू वाचताना अडायचास म्हणून शुक्रवारी दुपारी मी ती तुला वाचून दाखवायचो. मूळ पुरुष पिंपं बांधणारा. दुसऱ्यांच्या वाइनसाठी पिंपं करता करता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला लाकडापेक्षा आतल्या रसातलं जास्त कळतं. जमिनीखाली खडूच्या खाणी, रोमन लोकांनी दगडासाठी खणलेल्या, त्यांत मैलभर बाटल्या. माणसं दररोज जाऊन एकेक बाटली हाताने थोडी थोडी फिरवतात, म्हणजे गाळ मानेशी येऊन बसतो. मग मान गोठवायची, गाळ उडवायचा, चवीपुरती साखर घालायची आणि पुन्हा बूच मारायचं. या घराण्याची साखर इतरांपेक्षा कमी. तू ते पान मला तीनदा वाचायला लावलंस.

पण तुला सगळ्यात भिडलं होतं ते वेगळंच. ज्या बाटलीवर साल लिहिलेलं असतं ती महाग, पण घराण्याची खरी ओळख बिनसालाच्या साध्या बाटलीत. दर वर्षी पाऊस वेगळा, थंडी वेगळी, द्राक्षं वेगळी. तरी वसंतात घरातली माणसं आणि त्यांचा तळघर सांभाळणारा असे एका टेबलाशी बसतात, गावोगावच्या वाइन चाखतात, मागल्या वर्षांच्या राखून ठेवलेल्या वाइनचा हात त्यात देतात, आणि शेवटी बाटलीत जी चव उतरते ती आजोबांच्या वेळचीच. लढाईच्या काळात सैनिक आले तेव्हा घरातल्या बायकांनी भिंत बांधून दडवलं काय, तर ही राखलेली जुनी वाइन. महागड्या बाटल्या बाहेरच राहू दिल्या.

"ह्या बघ," तू म्हणाला होतास. "बाटल्यो गेल्यो तर परत भरूक येतत. जुन्याचो हात गेलो की चव गेली. बायकांका बरोबर कळला."

यावरच आपलं भांडण. मी म्हणायचो, ही तर सरळ लबाडी झाली. वाईट वर्ष आलं तर वाईट म्हणून सांगावं, चांगल्याची भेसळ करून लपवायचं कशाला? तू चिडायचास. "लपवणां नाय रे मेल्या! गिरायक ज्या चवीच्या भरवशार येता, ती चव तेका गावाक होयी. ह्यां वचन आसा, वचन!" मी म्हणायचो, वचन कसलं, धंदा. तू स्टोव्हची वात उगाच वर-खाली करायचास आणि त्या दिवशी माझ्याशी बोलायचा नाहीस. वाईट वर्ष लपवू नये म्हणून तुझ्याशी भांडणारा मी. हसू येतं का तुला, जिथे असशील तिथे? मला येत नाही.

मी एक थेंबही प्यायलो नाही, तरी त्या चवीचं वर्णन आजही घडाघडा करीन, कारण तू ते माझ्या कानात भरलंस. आधी हिरव्या सफरचंदाची आंबटी. मग भट्टीतून नुकत्या निघालेल्या पावाचा वास. काळ्या द्राक्षांचं अंग, म्हणजे पोकळ नाही, तोंड भरतं. शेवटी खडूची कोरड, जीभ पुन्हा स्वच्छ. बुडबुडे बारीक आणि ते ओळीने वर चढले पाहिजेत. "गोडी मागसून येता आणि लगेच जाता, पावण्यासारी," असं म्हणायचास. वेटरांना तू हे हिंदीत सांगायचास तेव्हा निम्मी गंमत जायची.

तुझी-माझी आणखी एक थट्टा होती, ती आता सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. रमजान आला की मी दारूच्या कोल्ड रूमला कुलूप लावायचो. रमजानात बार बंद, विक्री बंद, म्हणून कंपनीचंही काही अडायचं नाही. रमजानचा चाँद दिसला की कुलूप, ईद झाल्यावर उघडायचं. महिनाभर मी डबाबंद मालाच्या बाजूला बसायचो आणि त्या दाराकडे वळायचोही नाही. हा नियम कोणी घातलेला नव्हता, माझा मीच. अकरा महिने जे राखतो त्याची एक महिना तरी सावली नको, एवढाच विचार. तू म्हणायचास, "पीत नाय, इकत नाय, नुसता राखतंस. वर गेल्यार तुका गोदामच देतले." मी हसायचो. पण कुलूप लावताना मला खरंच हलकं वाटायचं, सदा. वर्षात तेवढा एकच महिना मला मी आवडायचो.

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याने तुला सांगितलं होतं: पुढच्या खेपेला माझा पुतण्या बरोबर येईल, त्याच्यासमोर एकदा चाखून दाखव, आणि वसंतात आमच्याकडे ये. मिश्रणाच्या टेबलाशी बस. नंतर सगळ्या आखातात आमच्या घराण्याचा माणूस तू. घराबाहेरचं कोणी त्या टेबलाशी बसत नाही, हे आपण पुस्तिकेत वाचलं होतं. त्या दिवशी तू मला मिठी मारलीस आणि लगेच लाजून म्हणालास, "कोटाचां बघूक होया, थंय थंडी असतली." मग रमजान तोंडावर आला तशी कंपनीने तुला सुट्टीवर गावी पाठवलं. तू गेलास आणि जहाज लागलं. घराण्याच्या नव्या लॉटच्या चारशे पेट्या मी कोल्ड रूममध्ये रचून घेतल्या, काटा चौदावर पाहिला, कुलूप लावलं.

आठव्या रोज्याला सकाळी खान म्हणाला, "इब्राहिम भाई, कल चार घंटा कहरबा मफी था." लाईट गेली होती म्हणे, सगळ्या सलमाबादची. मी म्हटलं, "आ गया ना? खलास." आणि डब्यांच्या पेट्या मोजायला लागलो.

सदा, कोल्ड रूमचं मशीन लाईट जाऊन आल्यावर आपोआप चालू होत नसे. आत जाऊन बटण दाबावं लागायचं. हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं, खानला माहीत नव्हतं. त्या सकाळी हा विचार माझ्या डोक्यात आला होता. विसरलो असतो तर मी आज असा तळमळलो नसतो. विचार आला, आणि मी तो परतवला. नियम मोडायचा नाही. ईदपर्यंत दार उघडायचं नाही. मनाला म्हटलं, मशीनला बटण लागत नसेल कदाचित, नवीन आहे, चाललं असेल. जाऊन नुसतं दाराला कान लावला असता तरी कळलं असतं. पंधरा पावलं होती.

ईदनंतर दार उघडलं तेव्हा आतून जी वाफ आली, ती अजून माझ्या तोंडावर आहे. भिंती गरम, फळ्या गरम, पुठ्ठे नरमलेले. काटा त्रेचाळीसवर. मी बटण दाबलं, दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. मग उठून काय केलं? वही काढली. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायची वही, रमजानभर कोरी राहिलेली. एकेका दिवसासमोर चौदा, साडेचौदा, चौदा, तेरा असं लिहीत गेलो, सगळं एका बैठकीत लिहिलेलं दिसू नये म्हणून दोन पेनं वापरली. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, घरी काय तोंड दाखवू, हे सगळं होतंच. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त लाज वेगळी होती. चारशे पेट्या माझ्या परहेजगारीने, माझ्या सोवळेपणाने उकडून काढल्या, हे कोणाला सांगणार? लोक हसले असते, आणि माझा तो एक महिनाही गेला असता.

दोन दिवसांत बाटल्या थंड झाल्या. दिसायला तशाच. मी स्वतःची समजूत घातली, दूध थोडंच आहे नासायला. तिसऱ्या दिवशी तू आलास, गावचे फणसाचे गरे तळून घेऊन. आल्या आल्या म्हणालास, "घराण्याचो माल इलो ना? चल." तू बाटली फोडलीस, नाक लावलंस, थांबलास. तोंडात घेतलीस, थुंकलीस. पुन्हा घेतलीस. दुसरी बाटली फोडायला लावलीस, मग तिसरी.

"ह्यां तां नाय," तू म्हणालास. "सफरचंद मेलां. काकवीसारख्या लागता. माल उनात ऱ्हवलो काय रे इब्रामा?"

"नाय रे. काटा पंधराच्या वर गेला नाय." आणि मी वही पुढे केली. तू पान उलटलंस, माझं अक्षर पाहिलंस आणि वही मिटून परत दिलीस. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने खानला विचारलं असतं. तू विचारलं नाहीस. इब्रामने सांगितलं म्हणजे झालं. तुझ्या जिभेपेक्षा माझ्यावर तुझा विश्वास जास्त होता, याचं मी काय करू, सदा? हे घेऊन मी कुठे जाऊ?

आधी तू घराण्यावर चिडलास. त्यांनी जुन्याचा हात आखडला, लोभ सुटला त्यांना. म्हाताऱ्याला पत्र लिहायचं ठरवलंस आणि लिहायला कोण? मीच. तू सांगत गेलास, मी इंग्रजीत उतरवत गेलो: ही तुमची चव नव्हे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्याचं अक्षर वेडंवाकडं, तू कागद माझ्याकडे दिलास. मी वाचलं: आम्ही त्याच लॉटच्या राखलेल्या बाटल्या उघडून पाहिल्या, त्या उत्तम आहेत, मी येईन तेव्हा बोलू. मधे एक ओळ होती. माल ठेवला कसा होता, एवढं मात्र तपासा. ती ओळ मी वाचली नाही. डोळ्यांनी वाचली, तोंडाने गाळली. पहिलं खोटं घाबरून बोललो म्हणता येईल. हे दुसरं मात्र पूर्ण शुद्धीत.

मग तू घराण्याला बोल लावणं सोडलंस. हॉटेलांत तो माल चालला होता. बर्फात बुडवून लोक पीत होते, लग्नांत, रिफाच्या बंगल्यांतल्या पार्ट्यांत, कोणाची तक्रार नाही. मॅनेजर म्हणाला, सगळ्या बेटावर तू एकटाच म्हणतोस वाईट आहे, जरा स्वतःला तपास. तू एकदा दवाखान्यातही जाऊन आलास, जीभ दाखवून. डॉक्टरने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. एका संध्याकाळी स्टोव्हपाशी बसून म्हणालास, "माझी जीभ मेली रे इब्रामा." मी भाजी ढवळत होतो. मी ढवळतच राहिलो.

आणि त्यानंतर तू जे केलंस ते बघणं सर्वांत वाईट होतं. चुकतोय तो मीच, असं धरून तू शिकायला बसलास. रोज त्या नासक्या मालातलं थोडं घ्यायचं आणि जिभेला समजावायचं, हीच घराण्याची चव, हीच नीट ध्यानात ठेव. चार महिने. तुझ्यासारखी जीभ मी आपल्या डोळ्यांसमोर चार महिने उलटी फिरताना बघितली. माल संपला, वर्षअखेर आली, नवीन जहाजातून नवीन लॉट आला, तो चांगला होता. तोवर तुला चांगला-वाईट कळेनासा झाला होता.

म्हातारा आला. पुतण्या बरोबर होता. हॉटेलच्या बाजूच्या खोलीत सकाळी पांढरा टेबलक्लॉथ, तीन ग्लास, त्यांतला घराण्याचा कोणता ते ओळखायचं. पेटी उचलून आणायला म्हणून मी होतो, आणि मुद्दाम थांबलो. म्हाताऱ्याने साठवणीचं विचारलं तेव्हा मॅनेजरने माझी वही दाखवली आणि विषय संपला. तू तिन्ही ग्लास नाकाला लावलेस. पहिल्यावर तुझ्या भुवया किंचित वर गेल्या. तुझा हात पहिल्या ग्लासाकडे गेला, बोटं दांडीला लागली. मी ते पाहिलं. आणि तू थांबलास, वर बघितलंस, थेट माझ्याकडे. का बघितलंस रे? मदत मागत होतास की नुसतीच नजर गेली? मी खाली बघितलं. तू हात काढून घेतलास आणि तिसरा ग्लास पुढे सरकवलास.

तो दुसऱ्याच कोणाचा होता, गोड आणि जड.

पुतण्याने घड्याळ पाहिलं. म्हाताऱ्याने तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, वयाने होतं असं, माझंही होईल. तू एकोणचाळीस वर्षांचा होतास. तू त्याला "थँक्यू सर" म्हणालास, ग्लास गोळा केलेस आणि पुसायला लागलास. वेटर होतास तेव्हासारखा.

दोन महिन्यांनी तू राजीनामा दिलास. "खलास, इब्रामा. जातंय घराक." विमानतळावर माझ्याकडे पाऊण तास होता. मी तुला खजूर दिले, फिश करीचा मसाला जपून ने म्हणालो, घरच्यांना सलाम सांग म्हणालो. सगळं बोललो. तू आत जाताना वळून हात केलास तेव्हा वाटलं, ओरडून सांगावं. माणसं होती आजूबाजूला. माणसं नसती तर दुसरं काही निमित्त काढलं असतं.

पुढच्या वर्षी म्हातारा पुन्हा आला तेव्हा मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमची बाटली तीनेक आठवडे उन्हाळ्यात सापडली तर? तो म्हणाला, तरुण माणूस आजारी पडून एकदम म्हातारा व्हावा तसं होतं, पण हे ओळखणारी जीभ हजारात एखादी. आणि मग म्हणाला, तुमच्या त्या मित्राची होती तशी. मी गोदामात जाऊन दार आतून लावून घेतलं.

तुझी पत्रं यायची. कलमं लावली, बैल विकला, पोरीचं लग्न ठरलं. जेवणाखाण्याचा एक शब्द नसायचा. मीही तेवढंच लिहायचो. इकडे सौदीला जायचा पूल झाला, मॅनेजर बदलला, गावी माझ्या पोरांना शाळेत इंग्रजीत बक्षीस मिळालं. प्रत्येक पत्र संपवताना वाटायचं, पुढच्या सुट्टीत समोरासमोर सांगू, इंशाल्ला. या शब्दाचा मी जेवढा गैरवापर केला तेवढा कोणी केला नसेल. लहानपणी आमच्या मदरशात मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं, अल्लाचा गुन्हा केलात तर अल्ला माफ करील, तो रहीम आहे. पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क मारलात तर माफी त्या बंद्याकडूनच आणावी लागते, तिथे तोही मधे पडत नाही. सात वर्षं मी नमाज चुकवला नाही. रोजे चुकवले नाहीत. आणि सुट्टीत गावी गेलो की एस.टी.ने दोन तासांवर तू होतास.

मग वहिनींच्या भावाचं पत्र आलं. ताप आला, चार दिवसांत गेले. मी इमर्जन्सी लीव्ह टाकली. मॅनेजरने विचारलं, कोण लागत होता? मी म्हटलं, भाऊ. पोचलो तेव्हा तुझं तेरावं होऊन गेलं होतं. तुझं घर मी पहिल्यांदाच बघितलं. वहिनी एकटीच होती. चहा दिला, स्वतः खांबाला टेकून बसली. "ह्ये तुमचां नाव काढीत, भावजी," म्हणाली. तिथेच मला फुटल्यासारखं झालं आणि मी सगळं सांगितलं. रमजानचं कुलूप, कहरबा, वही, गाळलेली ओळ, तीन ग्लास. शॅम्पेन म्हणजे काय हे तिला धड माहीत नव्हतं, तरी तिने एकदाही मधे तोडलं नाही.

"म्हणजे त्येंची जीभ बरी होती?" तिने विचारलं.

"होय, वहिनी."

"आणि ती मेली म्हणान ते बसले?"

"होय."

मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि देवाशपथ, मला त्या हव्या होत्या. ती म्हणाली, "माका ह्यातला कायच सांगल्यानी नाय. सात वर्सां माझ्या हातचां जेवले. वाडलंय तां गप खायत. बरां झालां नाय, वायट झालां नाय. येकदा मुद्दाम मीठच घालूक नाय सारात. तसांच खाल्ल्यानी आणि हात धुवक उठले. माका वाटलां, मोठ्या मोठ्या हाटेलात जेवलेलो माणूस, तेका माझां रांधप कसां आवडतलां? माझोच हात गेलो, असां समाजलंय, भावजी."

सदा, मी तुझ्या एकट्याचा हक्क मारला असं समजून तिथे गेलो होतो. माफीचा शब्द तोंडात घेऊन गेलो होतो, तो तोंडातच राहिला. तिने पदराने डोळे पुसले आणि अगदी हळू विचारलं, "आवडायचां काय हो त्येंका? तुमका कधी बोलले?"

एक खोटं बोललो असतो तर तिला बरं वाटलं असतं. होय वहिनी, रोज बोलायचा. मी तर सराईत. पण बहरीनमध्ये तू तिच्या हाताबद्दल मला कधी काही बोलला नव्हतास, आपल्या दोघांत बायकांचा विषय निघत नसे, आणि नंतरचं तर मला काय माहीत असणार? "माहीत नाय, वहिनी," मी म्हटलं. ती मान हलवून कपबशी उचलायला उठली. तिला खरं उत्तर देऊ शकेल असं तोंड एकच होतं, आणि ते तू मरायच्या सात वर्षं आधीच मी बंद केलं होतं.